साखर कारखान्यांचे प्रदूषण : कासुर्डी परिसर

साखर कारखाने आणि त्यांना जोडलेल्या आसवन्या यांच्या सांडपाण्याने, राखेने व धुराने होणारी पाणी, जमीन व हवेची नासाडी. दौंड तालुक्यातील कासुर्डी हे गाव पुणे–सोलापूर महामार्गावर उरुळी कांचन आणि यवत यांच्या दरम्यान, ऊसपट्ट्यात आहे. उत्तरेकडून वाहणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमेपलीकडे शिरूर तालुका. याच टापूत पाटसचा भीमा, पाटेठाणचा श्रीनाथ म्हस्कोबा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा हे कारखाने उभे राहिले. थेऊरचा यशवंत २०११ मध्ये बंद पडला.

उसात सुमारे ७० टक्के पाणीच असते, त्यामुळे साखर करताना कारखान्याला पाणी उरते. त्यात तेल, साखरेचा अंश आणि धुण्याचा सोडा मिसळला की ते सांडपाणी. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार टनभर उसामागे २०० लिटरपेक्षा जास्त पाणी बाहेर सोडता येत नाही. खरा उपद्रव मात्र आसवनीचा. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना साधारण ८ ते १५ लिटर काळपट-तांबडे, आंबूस पाणी मागे राहते. घरगुती सांडपाण्याची जैविक प्राणवायू मागणी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असते. या पाण्याची ४० हजारांच्या पुढे. असे पाणी ओढ्यात उतरले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येतात. जमिनीत मुरले तर विहिरीचे पाणी रंग धरते. म्हणून आसवनीचे हे पाणी प्रेसमडवर, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळावर, शिंपडून खत करतात किंवा आटवून बॉयलरमध्ये जाळतात. पण खताचे आवार उघडे राहिले, तर वळवाच्या एका सरीने सगळे ओढ्याला लागते.

हवेचा भाग तुलनेने सोपा. बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, जाळल्यावर उडणारी काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर, वाड्यावर आणि भाजीच्या पानांवर बसते. धूळ पकडणारी यंत्रणा नीट चालवली तर ती बरीच आटोक्यात येते.

या भागात कारखान्यांच्या माथी मारला जाणारा सगळाच धूर कारखान्यांचा नसतो. दौंड तालुक्यात गुऱ्हाळे शेकड्यांनी आहेत. चुलवाणात पूर्वी चिपाड जळे, पण ते वाळायला वेळ आणि जागा लागते. बारमाही चालणाऱ्या गुऱ्हाळांना तेवढी उसंत नाही. त्यामुळे काही ठिकाणी टायर, जुन्या चपला, प्लास्टिकचा कचरा घातला जातो. बगॅसच्या धुरापेक्षा हा धूर कितीतरी घातक, आणि धुराडे बुटके असल्याने तो वस्तीतच रेंगाळतो.

नदीचा निवाडा त्याहून अवघड. मुळा-मुठा पुण्याचे मैलापाणी घेऊनच इथवर येते, त्यामुळे खाली मासे मेले की दोष शहराचा की कारखान्याचा, यावर वाद होतो. १९७० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने नमुना घ्यायचा तो वाहत्या पाण्याचा. रात्री सोडलेले पाणी सकाळपर्यंत उजनी धरणाच्या वाटेला लागलेले असते. म्हणून तक्रार करताना ओढा कारखान्याला भेटण्याआधी एक आणि भेटल्यानंतर एक, अशा दोन जागांचे नमुने मागणेच शहाणपणाचे.