इस्पितळाच्या आवारातली देवडी

इंग्लंडमधल्या काही जुन्या इस्पितळांच्या दर्शनी बाजूला विटांची कमानदार देवडी दिसते. रुग्णाचं स्वागत एवढ्या थाटात करायची हौस कुणाला होती, असं वाटतं. हौस कसली! देवडी बांधली तेव्हा मागे इस्पितळ नव्हतंच. वर्कहाऊस होतं, म्हणजे निराधारांना राबवून पोसायची जागा.

1834च्या कायद्याचा हिशेब साधा होता. मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये राहायला या, आणि तिथलं जिणं बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराहूनही हलाखीचं असेल. गरजवंताने दारातूनच माघारी फिरावं, हा हेतू. म्हणून खरी करामत दारात. देवडीत पोर्टर बसे. तो झडती घेई, दारू काढून घेई, वहीत नाव चढवी. मग आंघोळ. अंगावरचे कपडे गाठोडं बांधून जमा, संस्थेचे कपडे अंगावर. त्यानंतर नवरा एका चौकात, बायको दुसऱ्या, पोरं तिसऱ्याच.

बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीनमधली 1852ची देवडी याच कुळातली. जे. जे. बेटमन हा तिचा वास्तुविशारद, पण नाव ठेवलं लोकांनी: ‘आर्चवे ऑफ टिअर्स’, आसवांची कमान. 1889 साली आवारात आजाऱ्यांसाठी मोठी इमारत उठली. तिचे वॉर्ड जोडणारा बोळ सुमारे पाव मैल लांब. 1948मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आली आणि देशभरातली अशी कित्येक आवारं सरकारी इस्पितळं झाली. पाटी बदलली, दार तेच राहिलं. त्या दाराचा धसका एवढा, की पुढे कित्येक वर्षं म्हातारी माणसं तिथे भरती व्हायला नको म्हणत. वर्कहाऊसमध्ये जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर तर 1904पासून संस्थेचं नाव टाळून नुसता पत्ता घालायची पद्धत पडली होती.

विन्सन ग्रीनची कमान 2017 साली पाडली. माझ्या मते ही चूक झाली. देखणेपणाच्या तराजूत तिचं वजन कमी भरलं असेलही, पण गरिबाला दारात कसं वागवलं गेलं, हे दाखवणारी मूळ जागाच गेली. आता त्या जागी फलक लावला तरी पोर्टरची खोली आणि ताटातुटीचा चौक यांतलं अंतर कुणाला पायांनी मोजता येणार नाही.

यॉर्कशायरमध्ये रिपनला मात्र वर्कहाऊसची देवडी संग्रहालय म्हणून राखली आहे. तिकडे जाणं झालं तर जरूर पाहा. एका रात्रीपुरत्या आलेल्या भटक्यांना कोंडायच्या कोठड्या तिथे अजून आहेत.