स्टेपनीचे वय



बैलगाडीला पाचवे चाक लागत नाही. चाकाची धाव ढिली झाली, तर ती एकदम दगा देत नाही. चार दिवस आधी कुरकुरते आणि आपण गाडी लोहाराच्या दारी नेतो. मोटारीचे तसे नाही. रबरी चाकातली हवा क्षणात जाते, म्हणून मोटारीला पाचवे चाक जवळ बाळगावे लागते. त्याला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे, की तो आला कोठून हे आपण कधी विचारीत नाही.

तो आला वेल्समधील लानेली ह्या गावाहून. पहिल्या मोटारींना जादा चाक नसेच. त्या काळचे रस्ते घोड्यांच्या नालांच्या खिळ्यांनी भरलेले. खिळा रुतला की चालकाने रस्त्याच्या कडेला बसून टायर उचकटावा, ट्यूब काढावी, ठिगळ लावावे आणि पुन्हा हवा भरावी. चिखलात, पावसात, रात्रीसुद्धा! लानेलीच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली ह्यावर तोड काढली. त्यांनी आरे नसलेले एक कडे तयार केले. त्यावर हवा भरलेला टायर आधीच चढवलेला असे. मूळ चाक न काढता हे कडे त्याच्या बाजूला पकडींनी आवळून बसवायचे आणि घर गाठायचे. त्यांचा व्यवसाय ज्या रस्त्यावर होता त्याचे नाव स्टेपनी स्ट्रीट. म्हणून ते ‘स्टेपनी चाक’. पुढे चाकच सहज काढता-घालता येऊ लागले आणि ते कडे इतिहासजमा झाले. पण नाव मात्र आपल्या देशात टिकून राहिले.

ह्या जन्मकथेत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. स्टेपनी जन्माला आली ती घर गाठण्यासाठी, मुलूखगिरीसाठी नव्हे. हे आपण पुढे विसरलो. आणि दुसरी एक गोष्ट आपल्याला कोणी नीट सांगितलीच नाही. न वापरलेली वस्तू नवीच राहते, असे आपण धरून चालतो. लोखंडाचा खिळा डब्यात ठेवला, पितळेची समई माळ्यावर ठेवली, तर हे बरेचसे खरेही आहे. रबराच्या बाबतीत मात्र ते खरे नाही.

रबर हा झाडाचा चीक. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक होऊन तडकते. चार्ल्स गुडइयर ह्या अमेरिकन माणसाने १८३९ साली गंधक मिसळून रबर तापवले, तेव्हा ते घट्ट आणि लवचीक झाले. १८४४ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. रबराच्या लांब लांब रेणूंना गंधक जागोजाग गाठी मारते, म्हणून ते ताणले तरी मूळ आकारावर येते. पण ह्या गाठी मारण्याचे काम कारखान्यात संपत नाही. उष्णता मिळत राहिली, की आतल्या आत नव्या गाठी पडत राहतात आणि रबर ताठर होते. हवेतला प्राणवायू त्याचे दुवे तोडतो. ओझोन वायू ताणलेल्या रबराला बारीक भेगा पाडतो. टायर करताना ह्यावर उतारा म्हणून काही द्रव्ये घालतात. पण ती द्रव्येही काळाने खर्ची पडतात.

शिक्षकबंधूंनी हे वर्गात सहज दाखवावे. गेल्या कित्येक वर्षांच्या कागदांच्या गठ्ठ्याला लावलेले रबरबँड कपाटातून काढा आणि ताणून बघा. त्याचे तुकडे हातात येतील. त्याला ना ऊन लागले, ना कोणी वापरले. तरी ते गेले. घरच्या कुकरची जुनी रिंगही हीच साक्ष देईल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पूर्ण मापाच्या स्टेपनीऐवजी लहान, अरुंद स्टेपनी देण्याची चाल अमेरिकेत पडली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिची सुरुवात झाली आणि १९७३ साली तेलाचे भाव भडकल्यावर ती फोफावली. गाडीचे वजन घटावे, पेट्रोल वाचावे, डिकीत जागा मिळावी, हा हेतू. हे चाक दिसायला सायकलच्या थोरल्या भावासारखे! त्याची रुंदी कमी, म्हणून भार पेलण्यासाठी त्यात हवा दुप्पट भरावी लागते. साध्या मोटारीच्या टायरात ३० ते ३५ पौंड हवा असते, तर ह्यात बहुधा ६० पौंड. त्याच्या अंगावर ताकीद छापलेली असते, की हे तात्पुरत्या वापरासाठी आहे आणि ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नये. म्हणजे डेव्हिस बंधूंचाच मूळ विचार पुन्हा आला: फक्त घर गाठा.

पण होते काय? गाडी पंधरा-वीस वर्षे चालते. चार टायर तीन-चारदा बदलले जातात. पाचवे मात्र कारखान्यातून आले तसे डिकीत पडून राहते. त्याची नक्षी कोरी, रबरी केसही शाबूत. मालक म्हणतो, “हे तर अगदी नवे आहे!” आणि जुन्या गाडीच्या मापाचे असे चाक बाजारात मिळेनासे झाले, की तेच जपून ठेवण्याकडे त्याचा कल होतो.

ह्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असे नव्हे. डिकीतल्या चाकाला ऊन लागत नाही, खड्डे बसत नाहीत, घर्षणाने ते तापत नाही. त्याच वयाच्या, रस्त्यावर धावलेल्या टायरापेक्षा ते बरे असू शकते. पण ‘बरे’ म्हणजे ‘नवे’ नव्हे. त्याच्या पोटात भरलेल्या हवेचा दाब आतला प्राणवायू रबराच्या थरांत सतत ढकलीत असतो. जितका दाब जास्त, तितका हा रेटा जास्त. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते, ते निराळेच. आणि झीज आतल्या पट्ट्यांच्या सांध्यात होते. बाहेरून ती दिसत नाही.

हे सरकारदरबारी लक्षात येण्यास एक मोठा अनर्थ घडावा लागला. २००० सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीचे सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. धावत्या गाडीच्या टायराची नक्षी पट्ट्यासकट सुटून येई आणि गाडी उलटे. शंभराहून अधिक माणसे दगावली. तेथे दोष टायराच्या घडणीचा धरला गेला. पण त्या निमित्ताने तेथील वाहतूक सुरक्षा खात्याने टायरांच्या वयाचाही अभ्यास हाती घेतला. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स ह्या अतिउष्ण शहरातून २००३ साली वापरातले टायर गोळा करून त्यांची तपासणी झाली. तेव्हा जमिनीला न टेकलेल्या पूर्ण मापाच्या स्टेपन्यांच्या रबराचाही कस वयाबरोबर उतरलेला आढळला. २००८ साली त्या खात्याने नागरिकांना सावध केले, तेव्हा एका मोठ्या विमा कंपनीचे आकडे दिले. पाच उष्ण राज्यांत तिचे २७ टक्के विमेदार होते, पण टायरांविषयीचे ७७ टक्के दावे तेथूनच आले. आणि त्यांपैकी ८४ टक्के दावे सहा वर्षांहून जुन्या टायरांचे होते. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात राहणाऱ्यांनी ‘उष्ण राज्ये’ हे शब्द पुन्हा एकदा वाचावेत.

इंग्लंडलाही हा धडा रक्त सांडून शिकावा लागला. २०१२ सालच्या सप्टेंबरमध्ये एका संगीत-महोत्सवाहून तरुण मुलांना परत नेणारी बस हाइंडहेड गावाजवळ झाडावर आदळली. चालकासह तिघे गेले. पुढच्या चाकाचा टायर फुटला होता. नक्षी कायद्याला पुरेशी होती. टायराचे वय मात्र एकोणीस वर्षांहून अधिक होते. तेव्हाच्या कायद्यात वयाविषयी बंदीच नव्हती. मृत मुलांपैकी एकाच्या आईने वर्षानुवर्षे खटपट केली, तेव्हा कोठे १ फेब्रुवारी २०२१ पासून तेथे बस आणि मालमोटारींच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास बंदी झाली.

मग किती वर्षांची स्टेपनी टाकून द्यावी? ह्याला सर्वमान्य असा एक आकडा नाही, कारण नागपूरच्या उन्हातली सहा वर्षे आणि महाबळेश्वरच्या गारव्यातली सहा वर्षे रबराला सारखी नसतात. तरीही पुष्कळ मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला असे सांगतात आणि त्यात स्टेपनीही धरतात. टायर करणाऱ्या कित्येक कंपन्या दहा वर्षे ही शेवटची मर्यादा मानतात, नक्षी कितीही कोरी असो. ह्यातून व्यवहाराचा नियम निघतो तो असा: सहा वर्षांनंतर स्टेपनी दरवर्षी जाणकाराकडून तपासावी, दहा वर्षांनंतर तिच्यावर भरवसा ठेवू नये.

वय ओळखणे अवघड नाही. टायराच्या कुशीवर ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. ‘२३०९’ असेल, तर २००९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर घडला. तीनच आकडे असतील, तर टायर २००० सालापूर्वीचा. त्याला हात जोडून निरोप द्यावा. ही ओळ कधी कधी आतल्या बाजूस असते, तेव्हा चाक बाहेर काढून, उलटेपालटे करून बघा. चाक हाती आलेच आहे, तर कुशीला भेगा आहेत का, फुगवटा आहे का, हेही पाहावे आणि हवा मोजावी. स्टेपनी चांगली, पण तिच्यातच हवा नाही, हा प्रकार तर रोजचा आहे!

समजा, रात्रीची वेळ आहे, जुनी लहान स्टेपनी हाच एक आधार आहे. तर तिच्यात लिहिली तितकी हवा भरावी, सावकाश जावे आणि पहिल्या पंक्चरवाल्याकडे थांबावे. इंजिनाची ओढ ज्या चाकांवर असते तेथे ती लावू नये. पुढचे चाक ओढीचे असेल, तर मागचे चांगले चाक पुढे घ्यावे आणि स्टेपनी मागे लावावी. मात्र भेगा पडलेल्या स्टेपनीवर भरल्या गाडीने महामार्गाला लागणे म्हणजे कुजक्या दोराने विहिरीत उतरणे होय. नव्या गाड्यांपैकी काहींत आता स्टेपनी नसतेच. हवेचा दाब दाखवणारे यंत्र आणि पंक्चरचे साहित्य असेल, तर तशी मोकळीक आपल्याकडे २०२० सालच्या नियमदुरुस्तीने दिली आहे. जुन्या गाडीला मात्र स्टेपनी हवीच, आणि तिच्या मापाची न मिळाल्यास गाडीच्या पुस्तिकेत चालणारे दुसरे कोणते माप दिले आहे, ते टायरवाल्याला दाखवावे.

शाळेची सहल निघते, तेव्हा गुरुजी मुलांची संख्या मोजतात, डबे मोजतात, पाण्याच्या बाटल्या मोजतात. त्याच वेळी चालकाला एवढेच विचारावे, “दादा, टायर कोणत्या सालचे? आणि स्टेपनी?” तो हसेल कदाचित. हसू द्यावे, आणि वाकून ते चार आकडे आपणच वाचावेत.