सड्यावरची डबकी पोटखराबा नव्हेत. बुजली तर परत कशी आणायची?

सातबाऱ्यावर अशा जागेपुढं बहुतेक वेळा ‘पोटखराबा’ एवढंच लिहिलेलं असतं. साताऱ्याच्या डोंगरावरचा सडा असो की रत्नागिरी-सिंधुदुर्गातला कातळ, आठ महिने तिथं उघडा जांभा आणि वाळकं गवत. जूनमध्ये पाऊस लागला की त्याच जांभ्यावरचे खळगे भरतात आणि चार महिने सगळा माथा पाणथळ होऊन जातो.

जांभ्यावर माती जेमतेम बोटभर असते. कातळ घट्ट असेल तिथं पाणी मुरत नाही, पसरट खळग्यात थांबतं. भेगा असतील तिथून खाली उतरतं आणि उताराला झरा होऊन निघतं. म्हणजे वरचा सडा बिघडला तर खालच्या वाडीलाही ते कळतं.

या मातीत नत्र फार कमी. त्यामुळं इथल्या वनस्पतींनी वेगळीच सोय केली आहे. निळी-जांभळी ‘सीतेची आसवं’ मुळांजवळच्या बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते. ‘दवबिंदू’च्या चिकट पानांवर किडे अडकतात. कास परिसरातल्या उथळ पाण्यात दोन फाट्यांचा ‘वायतुरा’ फुलतो. पाणी आटलं की त्याचा कंद जमिनीत तग धरून राहतो. सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोलीत जांभ्यावरच्या वीतभर पाण्यात अंडी घालणारा एक भेक आहे. शास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली ती 2009 मध्ये. आज तो जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांत मोजला जातो.

बिघाड होतो कुठं?

बऱ्याचदा अगदी साध्या गोष्टीत. खळग्याच्या काठावरून जीप गेली, काठ फुटला, चाकोरीतून पाणी निघून गेलं की डबकं संपलं. चिऱ्याच्या खाणीत तर सडाच उचलला जातो. कोकणात आंबा-काजूच्या कलमांसाठी सुरुंग लावून कातळ फोडतात, बाहेरून माती आणून टाकतात आणि त्यात खळगे बुजतात. बागायतदाराला पोट आहे, हे खरंच. पण कलमं लावण्याआधी पाण्याची जागा तेवढी सोडून देता येते.

चांगल्या हेतूनं केलेलं कामही कधी नडतं. उतारावरच्या मातीच्या रानात सलग समतल चर उत्तम. तोच चर सड्यावर खळग्याला लागून मारला की साठलेलं पाणी ओढून नेतो. वृक्षलागवडीच्या खड्ड्यांचंही तसंच. सडा ‘ओसाड’ दिसतो म्हणून तिथं झाडं लावायची, ही कल्पनाच मुळात चुकीची आहे.

ही चूक ब्रिटननं आपल्याआधी करून पाहिली आहे. तिथल्या डोंगरमाथ्यांवर अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे थर साचून काळी, ओली जमीन बनते. तिला पीट म्हणतात. ती वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढते. (आपला सडा आठ महिने कोरडा, म्हणून इथं पीट साचत नाही.) दुसऱ्या महायुद्धानंतर मेंढ्यांना चराई वाढावी म्हणून सरकारी अनुदानावर तिथं चर खोदले गेले. पीट वाळलं, पावसात वाहून जाऊ लागलं. आता तेच चर पुन्हा पैसे खर्चून बांध घालून अडवले जातायत. स्कॉटलंडच्या फ्लो कंट्रीत 1980 च्या दशकात करसवलतीमुळं दलदलीवर सूचिपर्णी झाडं लावली गेली. दलदल परत यावी म्हणून ती झाडं तोडावी लागली! 2024 मध्ये हा भाग जागतिक वारसा यादीत गेला.

गावाला काय करता येईल?

काठ फुटला असेल तर तिथलेच जांभ्याचे दगड आणि थोडी तिथलीच माती लावून पाण्याची वाट अडवावी. सिमेंट नको, जेसीबी तर नकोच. खळगा ‘खोल करून घेऊ’ असं कुणी म्हणालं तर थांबवावं. तळाचा कातळ फुटला की पाणी ठरत नाही, शिवाय उथळ पाण्यातली झाडं खोल पाण्यात जगत नाहीत. गाड्यांसाठी एकच वाट ठरवून बाकीच्या चाकोऱ्या दगड टाकून बंद कराव्यात.

चराई मात्र सरसकट बंद करू नये. जागतिक वारसा यादीत 2012 पासून असलेल्या कास पठारावर पर्यटक आवरायला तारेचं कुंपण घातलं होतं. त्यानं जनावरंही अडली, गवत माजलं आणि फुलं कमी झाली, अशी तक्रार झाली. पुढं कुंपण काढावं लागलं.

जैवविविधता कायदा 2002 नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावातली डबकी, झरे, झाडं तिथं जागेसह लिहून घेता येतात. उद्या सड्यावर खाण किंवा लागवडीचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत दाखवायला हा कागद हाताशी राहतो. नोंदीसाठी जुलै-ऑगस्टमध्येच वर जावं, सोबत गुराख्याला घ्यावं. कुठल्या खळग्यात पाणी किती दिवस टिकतं, हे त्याला तोंडपाठ असतं.