ठाण्याच्या तटाला न कळलेलं गाणं

ठाण्यात कोर्ट नाक्याच्या पुढे एक जुना दगडी तट लागतो. बसमधून जाताना मी कित्येक वर्षं त्याला नुसतं ‘जेल’ म्हणत होतो. आत ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे, एवढंच माहीत. हा मुळात किल्ला आहे हे खूप उशिरा कळलं आणि लगेच एक इंजिनिअरी प्रश्न पडला. किल्ला बांधतात तो बाहेरच्याला आत येऊ न देण्यासाठी. तुरुंग बांधतात तो आतल्याला बाहेर जाऊ न देण्यासाठी. मग तीच भिंत दोन्ही कामं कशी करणार?

या प्रश्नाचं उत्तर एका रात्री मिळालं होतं. तारीख १२ सप्टेंबर १८१६.

पण आधी भिंतीबद्दल. किल्ल्याचं काम पोर्तुगीजांनी १७३०च्या दशकात सुरू केलं. ते पुरं व्हायच्या आतच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि उरलेलं काम त्यांनी केलं. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी हल्ला करून तो मिळवला. तीन सत्ता बदलल्या, पण किल्ल्याची नजर बदलली नाही. खाडीकाठची सपाट जमीन, डोंगराचा आधार नाही. म्हणून सगळी भिस्त तट, बुरूज आणि खंदकावर. तटाच्या पायथ्याशी पोचलेल्यालाही तोफेच्या माऱ्यात घेता यावं म्हणून बुरूज पुढे काढलेले असतात. थोडक्यात, अशा किल्ल्याचा प्रत्येक कोन बाहेर बघतो. आत मात्र साधी वस्ती: शिपाई, अधिकाऱ्यांची घरं, घोड्यांच्या पागा.

या वस्तीत १८१५ मध्ये एक कैदी आला. त्रिंबकजी डेंगळे, दुसऱ्या बाजीरावाचा सगळ्यात जवळचा माणूस. त्या वर्षी जुलैमध्ये पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर आले होते. आरोप त्रिंबकजींवर आला आणि पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या दबावामुळे बाजीरावाला त्यांना ताब्यात द्यावं लागलं.

इंग्रजांनी विचार करून बंदोबस्त ठेवला. देशी शिपाई फितूर होतील, म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे. कागदावर योजना चोख होती. फक्त त्या गोऱ्यांना मराठी येत नव्हतं.

किल्ल्यातल्याच एका अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार कामाला होता. साहेबाचा घोडा फिरवताना तो रोज त्रिंबकजींच्या खिडकीखालून जायचा आणि जाता जाता गायचा. गाण्यातच निरोप असायचा. पहारेकरी ऐकत होते, पण त्यांच्या लेखी तो गुणगुणणारा नोकर होता. मग त्या सप्टेंबरातल्या रात्री त्रिंबकजी शौचाच्या निमित्ताने गेले, भिंतीला पाडलेल्या भोकातून पलीकडे निघाले आणि अंधारात किल्ल्याबाहेर पडले.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडेही असंच होतं: ज्या धोक्याची भीती वाटते त्यावर कुलूप घालतो आणि ते कुलूपच दुसरं दार उघडतं. फितुरी टाळायला भाषा कळणारी माणसं काढली, तिथेच पहारा बहिरा झाला.

याची किंमत मोठी होती. त्रिंबकजींना पेशवाच लपवतोय असा इंग्रजांचा ठाम समज झाला. मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने बाजीरावाकडे त्यांना हवाली करण्याची मुदत घातली आणि तारण म्हणून सिंहगड, पुरंदर, रायगड मागितले. जूनमध्ये अपमानास्पद पुणे करार, नोव्हेंबरात खडकीची लढाई, १८१८ मध्ये पेशवाई संपली. ती एका भोकामुळे बुडाली असं म्हणणं बालिश ठरेल, पण इंग्रजांना हवं ते निमित्त त्या भोकाने दिलं. त्रिंबकजीही १८१८ मध्ये पुन्हा सापडले. त्यांना दूर चुनारच्या किल्ल्यात ठेवलं आणि १८२९ मध्ये ते वारले.

पुढे १८३०च्या दशकात ठाण्याचा किल्ला रीतसर तुरुंग झाला. आता भिंत आत बघायला शिकली. १८४८ मध्ये राघोजी भांगरे इथेच फासावर गेले. १९ एप्रिल १९१० रोजी जॅक्सन वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी झाली. कान्हेरे अठरा वर्षांचे होते.

आज हाच तट १,१०५ कैद्यांसाठी आहे आणि आत कितीतरी जास्त माणसं आहेत. बातम्यांत आकडा चार हजारांच्या वर गेलेला वाचलाय. भिंत तीच, गाव मात्र भोवती शहर होऊन बसलं. रिक्षा, कोर्टात आलेले नातेवाईक, भेटीची वाट बघणाऱ्या बाया. आपण बसमधून बघतो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो.

त्या मोतद्दाराचं नाव मला कुठे सापडलं नाही. बिशप हेबर हा इंग्रज धर्मगुरू काही वर्षांनी हिंदुस्थानात फिरला. चुनारला त्याने कैदेतल्या त्रिंबकजींना पाहिलं आणि आपल्या प्रवासवर्णनात त्या गाण्याचा आशय पद्यात लिहून ठेवला. मी ते शोधून वाचलं. गाणं इंग्रजीत आहे. पहारेकऱ्यांना आता ते नीट कळलं असतं.