हातभट्टी आणि कारखान्यातील दारू : फरक नेमका कशात?

अहिल्यानगर : हा जिल्हा उसाचा. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला आणि त्यापाठोपाठ कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या पट्ट्यात साखरेबरोबर मद्यार्कनिर्मितीही रुजली. मळीपासून कारखान्यात मद्यार्क तयार होतो, तर निकृष्ट गुळापासून ओढ्याकाठी हातभट्टी पेटते. दोन्हींचे मूळ उसातच असले, तरी या दोन दारूंमध्ये महत्त्वाचा फरक आहे आणि त्याविषयी समाजात बरेच गैरसमज आहेत.

निर्मितीची पद्धत

गोड द्रावणात यीस्ट वाढले, की साखरेचे रूपांतर इथेनॉल व कार्बन डायऑक्साइडमध्ये होते. येथपर्यंतची प्रक्रिया दोन्हीकडे सारखीच आहे. फरक पडतो तो ऊर्ध्वपातनात. इथेनॉल ७८.४ अंश सेल्सिअसला उकळते. ॲसिटाल्डिहाइडसारखी त्याहून हलकी द्रव्ये आधी बाहेर पडतात, तर जड अल्कोहोले मागाहून येतात. कारखान्यातील उंच स्तंभांत ही द्रव्ये वेगवेगळी काढली जातात. सुमारे ९५ टक्के शुद्धतेचा मद्यार्क मिळतो, त्याची प्रयोगशाळेत तपासणी होते आणि पाणी मिसळून तीव्रता निश्चित केली जाते. महाराष्ट्रात देशी दारूची नेहमीची तीव्रता ४२.८ टक्के आहे.

हातभट्टीवर लोखंडी पिंप, नळी आणि लाकडाची आच एवढीच सामग्री असते. तापमापक नसतो, तीव्रता मोजली जात नाही. ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिचे कौतुक होते, त्या धारेतच हलकी, त्रासदायक द्रव्ये अधिक उतरतात. कारखान्यात हाच भाग बाजूला काढला जातो. छाप्यांत सापडणाऱ्या कच्च्या रसायनात नवसागर व इतर पदार्थही आढळतात. भांडी गंजलेली आणि पाणी नाल्याचे असेल, तर त्याचेही अंश दारूत उतरतात.

जीव घेते ते मिथेनॉल

हातभट्टी ‘बिघडली’ म्हणून माणसे दगावतात, असे सर्रास म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही. गुळाच्या आंबवणीत मिथेनॉल अत्यल्प तयार होते. मोठ्या दुर्घटनांमागे बहुधा बाहेरून मिसळलेले औद्योगिक मिथेनॉल असते. ते स्वस्त असते, रंग-वासावरून ओळखता येत नाही. शरीरात त्याचे फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल बनते. हे आम्ल दृष्टीच्या मज्जातंतूवर आघात करते. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये शंभरहून अधिक जणांचा बळी अशाच दारूने घेतला.

नगर तालुक्यातील पांगरमलची घटना त्याहून वेगळा धडा देते. फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषद निवडणुकीच्या काळात झालेल्या पार्टीतील दारूमुळे किमान नऊ जणांचा मृत्यू झाला. ती दारू हातभट्टीची नव्हती, बनावट होती. तिची निर्मिती जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील उपाहारगृहात होत असल्याचे तपासात पुढे आले आणि जिल्हा हादरला. बाटली व लेबल हा शुद्धतेचा पुरावा नव्हे, हे पांगरमलने दाखवून दिले. परवानाधारक दुकान आणि तेथून मिळणारी पावती यांवाचून बाटलीचा उगम कळत नाही.

घरगुती बिअरचे काय?

परदेशात घरी बिअर बनविण्याचा छंद लोकप्रिय आहे. बिअरमध्ये ऊर्ध्वपातन नसल्याने विषबाधेचा धोका कमी असतो. लागर बिअरचे यीस्ट मात्र साधारण ७ ते १३ अंशांत काम करते आणि पुढे काही आठवडे थंडीत मुरावे लागते. नगरच्या उन्हाळ्यात शीतयंत्रणेविना ते अशक्यच. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार राज्यात परवान्याशिवाय कोणतेही मद्य बनविणे गुन्हा आहे, मग ते घरापुरते का असेना.

कायदा आणि गावाचा अधिकार

हातभट्टीचा धंदा राज्याने इतका गंभीर मानला आहे, की १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्याच्या नावातच ‘झोपडपट्टीदादां’सोबत ‘हातभट्टीवाले’ आहेत. तरीही भट्ट्या पुन्हा पेटतात, याचे एक कारण किंमत. परवानाधारक दारूवर कर आहे, हातभट्टीवर नाही. जून २०२५ मध्ये देशी दारूवरील उत्पादन शुल्क प्रति प्रूफ लिटर १८० वरून २०५ रुपये करण्याचा निर्णय झाला. अशा वाढीनंतर ही दरी रुंदावते आणि हातावर पोट असलेला ग्राहक भट्टीकडे वळण्याची भीती असते.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी भट्ट्या बंद केल्या, ती वाट लोकसंकल्पाची होती. महिलांच्या मतदानाने ‘बाटली आडवी’ करण्याची तरतूद कायदेशीर असली, तरी तिने केवळ परवानाधारक दुकान बंद होते. हातभट्टी मुळातच बेकायदा असल्याने तिच्यासाठी मतदान नव्हे, तर पोलिस व राज्य उत्पादन शुल्क विभागाची कारवाई आणि गावाची जागरूकता लागते.

लक्षणे दिसताच

मिथेनॉलची लक्षणे अनेकदा १२ ते २४ तासांनी दिसतात. उलट्या, पोटदुखी, धाप आणि डोळ्यांपुढे धुके ही त्यातील प्रमुख. ‘उतरेल थोड्या वेळाने’ म्हणून रुग्णाला झोपवून ठेवणे घातक ठरते. १०८ क्रमांकावर तत्काळ संपर्क साधावा आणि काय प्यायले ते डॉक्टरांपासून लपवू नये. वेळेत प्रतिविष व डायलिसिस मिळाल्यास प्राण आणि दृष्टी दोन्ही वाचू शकतात. सोबत प्यायलेल्या इतरांनाही, त्रास नसला तरी, तपासणीसाठी न्यावे.

कारखान्यातील दारू निर्धोक आहे, असा याचा अर्थ नाही. यकृत आणि संसार दोन्ही दारूंनी सारखेच उद्ध्वस्त होतात. बाटलीत काय आहे, एवढेच एकीबाबत सांगता येते, दुसरीबाबत तेही नाही.