मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील सख्यभावाची वाढ

मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना ख्रिस्ती लेखकांना एक स्वतंत्र प्रकरण देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. त्या प्रकरणाची मांडणीही आता ठरून गेली आहे. लेखकाचा जन्म, त्याचे शिक्षण, त्याचा बाप्तिस्मा, आणि मग त्याचे ग्रंथ, अशा क्रमाने माहिती येते. बाप्तिस्म्याची तारीख हा या मांडणीतला मध्यबिंदू असतो. तिच्या अलीकडचे ते पूर्वायुष्य आणि पलीकडचे ते ख्रिस्ती वाङ्मय, अशी सरळ विभागणी केली जाते. ही विभागणी सोयीची आहे यात शंका नाही. परंतु ज्या अनुभवातून हे वाङ्मय निर्माण झाले त्या अनुभवाशी ती कितपत जुळते, याचा विचार फारसा झालेला नाही. हे ग्रंथ लक्षपूर्वक वाचले तर असे आढळते, की त्यांच्या कर्त्यांनी ईश्वराशी जडलेल्या नात्याची कल्पना एका दिवसात घडलेली घटना म्हणून केलेली नाही. सावकाश वाढत जाणारी, मध्येच खुंटणारी आणि पुन्हा पालवणारी गोष्ट म्हणूनच ते तिच्याकडे पाहतात. या वाढीचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या वाङ्मयाचा आरंभ फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'पासून होतो. गोव्यातील रायतूर येथे १६१६ साली छापल्या गेलेल्या या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. श्रोते प्रश्न विचारतात आणि पाद्री गुरू त्यांना उत्तरे देतात, असा त्याचा घाट आहे. मराठी भाषेचे जे गौरवगान त्यात आहे ते सर्वपरिचित आहे. येथे लक्षात घ्यावयाचा मुद्दा निराळा आहे. पुराण हा सभेत सांगण्याचा आणि ऐकण्याचा प्रकार. त्यात ईश्वराविषयी बोलले जाते. आरंभीचे व मधले प्रार्थनेचे प्रसंग सोडले, तर ईश्वराशी एकांतात बोलण्याला त्यात फारसा अवसर नाही.

एकोणिसाव्या शतकात हा संवाद वादाच्या आखाड्यात उतरला. मुंबईत १८३१ साली डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. १८४२ साली अहमदनगरहून 'ज्ञानोदय' निघू लागले. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यातील वाद समुद्रकिनारी गाजले. या वातावरणात घडलेले बाबा पदमनजी १८५४ साली बेळगावात ख्रिस्ती झाले. त्यांच्या 'यमुनापर्यटना'ने (१८५७) मराठी कादंबरीचा पाया घातला. परंतु धर्मविषयक लेखनात त्यांची भाषा प्रामुख्याने खंडनमंडनाची राहिली. प्रमाण, शंका, निरसन ही तिची शस्त्रे. असे असूनही आत्मचरित्र लिहावयास घेतले तेव्हा पदमनजींनी त्याला 'अरुणोदय' हे नाव दिले, हे सूचक आहे. अरुणोदय क्षणात होत नाही. पूर्व दिशा हळूहळू उजळत जाते. वादकाराच्या लेखणीतूनही अनुभवाला नाव देताना वाढीचीच प्रतिमा उमटली.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. १८४८ साली ख्रिस्ती झालेल्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाचा त्यांच्या विचारावर परिणाम झाला होता. वरील रूढ मांडणीप्रमाणे येथे त्यांचे धर्मांतर पूर्ण व्हावयास हवे. परंतु १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई वेगळेच सांगतात. त्यांचा आशय असा, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. ही उणीव सुमारे आठ वर्षांनी, १८९१च्या सुमारास त्यांच्या ध्यानी आली. हा कबुलीजबाब साधा नाही. ज्यांच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात एवढे वादळ उठले, त्यांनीच ते धर्मांतर अपुरे होते असे पुढे सांगावे, याचा अर्थ समर्थक आणि टीकाकार दोघेही ज्या तारखेवर भांडत होते ती तारीख रमाबाईंच्या दृष्टीने गाभ्याची नव्हती. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचा जो उद्योग त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत चालविला, तो याच दृष्टीने पाहावा लागतो. मुक्तिसदनातील अल्पशिक्षित स्त्रीलाही ईश्वराचे शब्द मध्यस्थाविना वाचता यावेत, ही त्यामागची तळमळ होती. १९२२च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले त्याच्या थोडेसे आधी ते काम हातावेगळे झाले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याकडे वळताना आपल्याला महाराष्ट्राच्या सीमेबाहेर यावे लागते. रायपूरच्या समता कॉलनीत किंवा चौबे कॉलनीत राहणाऱ्या मराठी वाचकाला राजनांदगाव परके नाही. ते येथून पश्चिमेस सुमारे सत्तर किलोमीटरवर, नागपूरच्या लोहमार्गावर आहे. भोसल्यांच्या अमलापासून या भूमीत मराठी माणसे नांदली. 'गीतारहस्या'चे हिंदी रूपांतर करणारे माधवराव सप्रे येथलेच. या सप्ऱ्यांचे स्मरण येथे होते, पण दुसऱ्या टिळकांच्या आयुष्याला याच लोहमार्गावर वळण लागले याचे स्मरण क्वचितच ठेवले जाते. बैरागी महंतांच्या राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळविण्यासाठी नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून निघाले असता आगगाडीत त्यांची एका गोऱ्या प्रवाशाशी गाठ पडली. हे अर्नेस्ट वॉर्ड नावाचे अमेरिकन मिशनरी होते. बोलणे सुरू झाले ते संस्कृत काव्यावरून. निरोप घेताना वॉर्ड यांनी टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

ही हकीकत चरित्रकारांना प्रिय आहे, कारण तीत नाट्य आहे. पण त्या भाकितावर भर दिला की त्यापूर्वीची आणि त्यानंतरची वर्षे दृष्टीआड होतात. टिळक गाडीत चढले ते रिकाम्या मनाने नव्हे. देशाच्या उन्नतीला उपयोगी पडेल असा नवा धर्म कसा असावा, याचे चिंतन त्यांनी आधीपासूनच चालविले होते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन वाचताना त्यांना जे गवसले ते या चिंतनाच्या वाटेवरच गवसले. बाप्तिस्म्यानंतरही त्यांची वाट सरळ गेली नाही. मिशनमधील उपासनेची पाश्चात्त्य चाल, भाषांतरित स्तोत्रे, उसन्या सुरावटी यांत त्यांचे मन पुरते रमले नाही. पुढे ते पुन्हा मराठी संतांकडे वळले, आणि आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असा भाव त्यांनी व्यक्त केला. यातील 'सेतू' या शब्दाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. सेतू ओलांडून गेल्यावर माणूस तो मोडत नाही. उलट, परतीच्या वाटेनेही तोच उपयोगी पडतो.

'वैयक्तिक नाते' ही ख्रिस्ती धर्मचिंतनातील कल्पना मराठीत आणताना भाषांतरकारापुढे एक अडचण उभी राहते. 'वैयक्तिक संबंध' असे शब्दशः म्हटले तर कचेरीतील कागदाचा वास येतो. मराठीने ईश्वराशी असलेली जवळीक अमूर्त नामांनी सांगितलेली नाही. तिने नात्यांची नावे वापरली. माउली, सखा, स्वामी, सोयरा ही ती नावे. टिळकांनी हे ओळखले. आपल्या अभंगांत त्यांनी ख्रिस्ताला गुरू आणि माउली या दोन्ही नात्यांनी एकाच वेळी हाक मारली, आणि ईश्वराविषयीचे बोलणे ईश्वराशी बोलण्यात पालटले. 'क्रिस्तपुराणा'तील सभा आणि 'ज्ञानोदया'तील वाद यांच्यानंतर मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला हा एकांत प्रथमच मनमोकळेपणाने लाभला. मराठी चर्चमध्ये टिळकांची शंभराहून अधिक गीते गायिली जात राहिली, त्याचे कारण हेच आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. टिळकांनी तुकारामाच्या साच्यात नवे नाव ओतले एवढेच, असे एक टीकाकार म्हणेल. उलट, अभंगाबरोबर अभंगाचे तत्त्वज्ञानही आत येते आणि ख्रिस्ती सिद्धान्त पातळ होतो, असे दुसरा म्हणेल. दोन्ही आक्षेप घाट आणि आशय यांना एकमेकांपासून सुटे मानतात. टिळकांच्या अभंगांतला विरह वारकऱ्याच्या विरहासारखा दिसत असला, तरी त्याचे कारण निराळे आहे. तेथे आपल्या अपराधाची जाणीव आणि वधस्तंभावरील वेदनेतून मिळालेली क्षमा यांचे नाते मध्यवर्ती आहे. शिवाय ही जवळीक सेवेत उतरल्याखेरीज टिळकांचे समाधान होत नाही. १९१७ साली मिशनचा पगार सोडून सातारला त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना त्यात स्थान होते. मध्य प्रदेशाने १९६८ साली केलेल्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यात धर्मांतराच्या विधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला देण्याचे कलम होते. कायद्याला विधी दिसतो, कारण त्याला तारीख असते. दरबाराच्या कर्त्याने, स्वतः पाद्री असूनही, तारखेपलीकडच्या वाढीला आपल्या मंडळीत जागा दिली. हा प्रयोग रुजण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

या वाढीची किंमत कोणी दिली, हा प्रश्न मात्र टिळकांचे काव्य वाचून सुटत नाही. त्यासाठी लक्ष्मीबाईंकडे जावे लागते. पतीने १८९५ साली धर्म सोडला तेव्हा त्यांच्यावर कोसळलेला आकांत, माहेरच्यांचा आधार, लहानग्या दत्तूला घेऊन काढलेले दिवस, हे सारे 'स्मृतिचित्रां'त आले आहे. पुढे त्या पतीजवळ राहावयास गेल्या तेव्हाही सोवळे त्यांनी सोडले नाही. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. पण त्यापूर्वीच त्यांच्या मनाने एक मोठा पल्ला गाठला होता. माणसामाणसांत जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी कोणा पंडिताला विचारला नाही. तो त्यांनी पाण्याच्या तांब्यापाशी सोडविला, आणि मग कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय केला. रमाबाईंच्या बाबतीत विधी आधी आणि आंतरिक प्रतीती मागाहून. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आचरण आधी आणि विधी मागाहून. एकाच कालखंडातील या दोन स्त्रियांचा उलटा क्रम पाहिला म्हणजे तारखेवर उभारलेली मांडणी किती अपुरी आहे हे कळते.

'स्मृतिचित्रे' १९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. तिच्या इंग्रजी अनुवादांचा येथे विचार करणे उपयुक्त ठरेल. जोसेफिन इंकस्टर यांनी १९५० साली केलेल्या अनुवादाचे नाव 'आय फॉलो आफ्टर' असे आहे. पतीमागून चालणारी पत्नी, असा त्याचा अर्थ सहज मनात येतो, आणि मग तो खटकतो. कारण लक्ष्मीबाई मुकाट्याने मागून चालणाऱ्यांपैकी नव्हत्या. शांता गोखले यांनी २०१७च्या आपल्या अनुवादाच्या उपशीर्षकात त्यांना तेजस्वी पत्नी म्हटले, ते या दृष्टीने न्याय्यच आहे. परंतु इंकस्टर यांच्या शीर्षकातील शब्द फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पौलाच्या पत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात, तिसऱ्या अध्यायात, आढळतात. आपण अजून पूर्णतेस पोहोचलो नाही, तरी तिच्या मागे धावत आहोत, असे पौल तेथे सांगतो. हा संदर्भ ध्यानी घेतला की 'मागून जाणे' हे पतीपेक्षा पूर्णतेच्या मागून जाणे ठरते. स्वयंपाकघरात, साथीच्या दिवसांत, पोरक्या मुलांना पदराखाली घेताना लक्ष्मीबाईंची जी वाढ झाली तिचे वर्णन करण्यास हे शब्द अपुरे नाहीत. टिळकांनी अर्धवट टाकलेल्या 'ख्रिस्तायना'चा फार मोठा भाग त्यांनी स्वतः रचला. पतीचे काम पुरे करताना त्यांचा स्वतःचा आवाज तयार झाला होता, हे त्यावरून दिसते.

टिळक ज्या मिशनमध्ये काम करीत त्याच अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी उतारवयात मराठी संतांची चरित्रे आणि कविता इंग्रजीत आणण्याचे काम अंगावर घेतले. १९२६पासून ती माला निघू लागली. टिळक ज्या सेतूवरून गेले त्यावरून एक मिशनरी उलट्या दिशेने आला, असे त्याबद्दल म्हणता येईल. अशा येण्याजाण्याचा इतिहास बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सापडणार नाही. तो अभंगात, साक्षीत, आठवणींत आणि भाषांतरांत विखुरलेला आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकाराने ख्रिस्ती लेखकांचे वेगळे प्रकरण खुशाल ठेवावे. परंतु त्यातील पाने तारखांनी न लावता या वाढीच्या टप्प्यांनी लावावीत. तसे केल्यास ते प्रकरण संतवाङ्मयाच्या प्रकरणाला कोठे जाऊन मिळते, हे त्याला आपोआपच दिसू लागेल.