दोन मणक्यांमधली जागा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना माझं डोकं नव्हे, पाय आधी आले. ज्यांचं बालपण खेड्यात गेलं त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. हिंगण्यात आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या कंबरेत उसण भरली की सकाळीच दारात हाक यायची, "भाभी, पोट्ट्याले पाठवा ना जरा." मी जायचो. माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि मी त्याच्या कंबरेला तीनदा पाय लावायचो. मोबदला म्हणून गुळाचा खडा मिळे. पलीकडच्या गल्लीतली एक आजी आमच्या घरचं पाणी पीत नसे. पण माझा पाय तिच्या पाठीला चालायचा. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही, आताही फारसं वाटत नाही. दुखणाऱ्या माणसाला काय चालतं आणि काय चालत नाही, याचा हिशेब वेगळाच असतो.

उसण बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत आपोआप जाते, हे मला फार पुढे कळलं. तोवर श्रेय पायाला मिळत राहिलं.

माझे थोरले भाऊ, त्यांना आम्ही भाई म्हणतो, हिंगण्याच्या एमआयडीसीत मालाची चढ-उतार करायचे. २०१४ च्या पावसाळ्यात त्यांची पाठ धरली. ते हसत माझ्याकडे आले, म्हणाले, "लाव रे पाय." मी लावला. तीन दिवस, रोज तीन वेळा. पाठ सुटली नाही. मग मलम झालं, मालिश झालं, दुखणं दाबणाऱ्या गोळ्या झाल्या. पोती उचलणाऱ्याची पाठ दुखणारच, असं सगळेच म्हणत होते, भाईसुद्धा. चार महिने गेले. संध्याकाळी अंगात कणकण राहू लागली, पायजम्याची नाडी आणखी आणखी घट्ट बांधावी लागली, आणि एके दिवशी चालताना त्यांचे पाय एकमेकांत अडखळले. एमआरआय काढला तेव्हा छातीच्या खालच्या भागातले दोन मणके पोखरलेले दिसले. तिथे साचलेला पू मज्जारज्जूला दाबत होता. क्षय. क्षय मणक्याला होतो हे बी.ए. झालेल्या मला ठाऊक नव्हतं. मी त्या मणक्यांवर नऊ वेळा पाय लावला होता.

शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांनी टायटॅनियमचा बोटाएवढा एक पोकळ दंडगोल दाखवला. भोवती जाळीसारखी भोकं, मध्ये आटे. म्हणाले, "ट्रकचा जॅक पाहिला असेल ना? तसंच. मिटवून आत घालायचं, मग फिरवून उघडायचं." एमआयडीसीच्या रस्त्यावर पंक्चर काढणारा पोरगा हेच दिवसभर करतो. पण ही एवढीशी कल्पना माणसाच्या पाठीत पोचायला किती काळ लागला, ते शोधत मी पुढे बरेच महिने वाचत बसलो. आजचं बोलणं त्यातूनच आलेलं आहे.

आधी कण्याची रचना पाहू. मानेपासून कंबरेपर्यंत हलणारे मणके २४ आणि त्यांच्यामध्ये गाद्या २३. कण्याच्या लांबीचा सुमारे चौथा हिस्सा या गाद्यांचाच. दिवसभराच्या भाराने त्या दबतात आणि रात्री पुन्हा फुगतात, म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. मणक्यांच्या मागच्या बाजूने मज्जारज्जू जातो आणि प्रत्येक दोन मणक्यांमधून नसा बाहेर पडतात. म्हणजे ही जागा राखणं हे नुसतं उंचीचं काम नाही. जागा गेली की नस चेपते. क्षयाचे जंतू बहुधा गादीलगतचा मणक्याचा काठ पोखरतात. मग गादी जाते, मणका पुढून खचतो आणि पाठीला कुबड येतं.

हे दुखणं जुनं आहे. इजिप्तमध्ये एका पुजाऱ्याच्या ममीत क्षयाने वाकलेला कणा आणि पुवाची गाठ सापडली. १९१० साली त्याची नोंद प्रसिद्ध झाली. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये कुबड आणि पायांतली ताकद जाणं यांचा संबंध लिहून ठेवला, म्हणून डॉक्टर आजही या रोगाला पॉटचा आजार म्हणतात. उपाय मात्र शतकानुशतकं एकच होता, ओढणं आणि दाबणं. आपल्याकडे कीर्तनकार कुब्जेची गोष्ट सांगतात. कृष्णाने तिच्या पावलांवर पाय ठेवला, हनुवटीला दोन बोटं लावून वर उचललं आणि ती सरळ झाली. आज त्याला ट्रॅक्शन म्हटलं असतं. इब्न सिना यांनी ताण देऊन मणका बसवण्याची रीत लिहिली आणि अमास्याच्या शराफुद्दीन साबुंजूओग्लू यांनी १४६५ मध्ये आपल्या शस्त्रक्रियेच्या ग्रंथात अशा उपचारांची चित्रंच काढून ठेवली. पण नुसतं ओढून पोकळी भरत नाही. हात सुटला की कणा पुन्हा वाकतो.

पोकळीत काहीतरी घालायला हवं हा विचार विसाव्या शतकात आला. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी या दोघांनी, वेगवेगळे काम करत, मणके एकमेकांना जोडून टाकण्याच्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या. अल्बी नडगीच्या हाडाची चीप काढून पाठीत बसवत. दोन मणके हाडाने जुळून एक झाले की खचणं थांबतं, असा हिशेब. पण ते काम पाठीच्या मागल्या अंगाला चाले, आणि रोग बसलेला असे पुढच्या अंगाला. तिथे हात घालायची हिंमत क्षयावर औषध आल्यावरच झाली. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. पुढे हाँगकाँगमध्ये हॉजसन आणि स्टॉक यांनी थेट पुढच्या बाजूने जाऊन सडलेला मणका साफ केला आणि रिकाम्या जागेत रोग्याचंच हाड उभं केलं. १९५६ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. इथे आपल्या देशाचं एक काम सांगायलाच हवं. बनारसचे डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये मधला मार्ग सुचवला. मणक्याचा क्षय दिसला की लगेच सुरी उचलायची नाही. आधी औषध द्यायचं, आणि पायांची ताकद परतली नाही, पू हटला नाही किंवा कणा खचत गेला तरच शस्त्रक्रिया. गरीब देशातल्या डॉक्टरने लिहिलेली ही शहाणी गोष्ट आहे. मणक्याच्या क्षयाचे बहुसंख्य रोगी आजही औषधांनीच बरे होतात.

दुसरी वाट गादीकडून आली. मणक्यातली गादी सरकून नस दाबते आणि पायात कळ येते, हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं. गादीचा सरकलेला तुकडा काढता येई, पण मागे राहिलेल्या खोबणीचं काय? हवाईमधल्या राल्फ क्लोवर्ड यांनी चाळिशीच्या दशकात पाठीमागून, नस अलगद बाजूला धरून, त्या खोबणीत हाडाचे ठोकळे ठोकून बसवायला सुरुवात केली. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले तेव्हा जखमींची डोकी उघडून शस्त्रक्रिया करणारे ते हेच. त्यांची रीत अवघड होती, फार थोड्यांना जमली. आपल्याकडे ती रुजवणाऱ्यांत गोव्याच्या मातीतले डॉ. प्रेमानंद रामाणी यांचं नाव पुढे आहे. इंग्लंडात न्यूकॅसलला शिकून ते मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आले, आणि याच शस्त्रक्रियेवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिले. मराठी वाचक त्यांना 'ताठ कणा' या आत्मचरित्रामुळे ओळखतात.

पण रोग्याच्या हाडाला दोन खोडी होत्या. ते कंबरेच्या हाडातून काढावं लागे, आणि कित्येकांना मूळ दुखण्यापेक्षा ती जखमच जास्त दिवस छळे. शिवाय मणके जुळून येण्याआधी भाराखाली ते चेपे, तुटे किंवा सरके. भार पेलायला कणखर आणि जुळायला जिवंत, असं दोन्ही एका हाडाने कसं व्हावं?

याचं उत्तर घोड्याकडून आलं. काही जातिवंत घोड्यांच्या मानेतले मणके मज्जारज्जूला दाबतात आणि ती जनावरं दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खातात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातले अस्थिशल्यविशारद जॉर्ज बॅग्बी यांनी तिथल्या पशुवैद्यांच्या मदतीने सत्तरच्या दशकात घोड्याच्या मानेत पोलादाची, भोकं असलेली एक नळी बसवली आणि तिच्या पोटात घोड्याच्याच हाडाचा चुरा भरला. भार धातू पेलणार, आणि भोकांमधून हाड वाढून वरचा-खालचा मणका जुळणार. कामं वाटून दिली, की प्रश्न सुटला. सिएटल स्लू हा १९७७ चा नावाजलेला शर्यतीचा घोडा. त्याच्या मानेवरही म्हातारपणी, २००० साली, अशीच शस्त्रक्रिया झाली. माणसासाठी बनवलेल्या या पिंजऱ्याला अमेरिकी सरकारची मान्यता १९९६ मध्ये मिळाली. तोवर पोलादाची जागा टायटॅनियमने घेतली होती. या धातूला हाड बिलगतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना पन्नाशीच्या दशकात सशांवर काम करताना दिसलं होतं. आपल्या दातांच्या डॉक्टरांचं इम्प्लांटही तिथूनच आलं.

पिंजरा आला तरी वाट अरुंदच राहिली. पाठीमागून जायचं तर नसेच्या शेजारून जावं लागतं. जागा भरेल एवढा पिंजरा न्यावा तर नस ताणली जाते, आणि नस सांभाळून लहान न्यावा तर तो आत डगमगतो. अख्खा मणका काढलेला असला तर पंचाईत आणखी मोठी. मापं घेऊन जाळीची नळी शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळच कापावी लागे. जराशी आखूड झाली की सैल, लांब झाली की आत जाईना. म्हणून उघडणारा पिंजरा. जाताना बारीक, पोचल्यावर उंच. आटे फिरवत गेलं की तो वरच्या-खालच्या मणक्याला टेकतो आणि वाकलेला कणा थोडा उचलतोही. कुब्जेची हनुवटी उचलण्याचं काम तो आतून करतो म्हणा ना.

डॉक्टरांनी त्याचे दोषही सांगितले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. किती फिरवायचं हे शेवटी हाताला कळावं लागतं. एक वळसा जास्त झाला आणि हाड ठिसूळ असलं, तर पिंजरा हाडात रुततो. तो साध्या पिंजऱ्यापेक्षा महाग असतो, आणि रोग्याचं दुखणं कमी होण्यात नेहमी सरस ठरतो असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. मी विचारलं, जंतू असलेल्या जागी धातू ठेवायचा? ही भीती डॉक्टरांनाही अनेक वर्षं होती. पण क्षयाचे जंतू इतर काही जंतूंसारखे धातूला थर करून चिकटत नाहीत, हे जपानी संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवलं. औषध चालू ठेवलं की धातू चालतो.

भाईंची शस्त्रक्रिया सहा तास चालली. बाजूने वाट काढताना बरगडीचा एक तुकडा काढावा लागला. त्याचाच चुरा करून पिंजऱ्याच्या पोटात भरला. वर-खाली स्क्रू आणि सळ्या बसवल्या. नंतर वर्षाहून अधिक काळ गोळ्या. तिसऱ्या महिन्यात ते काठीशिवाय नमाजला उभे राहिले. सिजदा मात्र खुर्चीवरूनच.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. क्षय जंतूमुळे होतो, ओझ्यामुळे नाही. पण भाईंच्या पाठीवर रोज ओझं होतं म्हणूनच त्यांचं दुखणं चार महिने कुणी आजार मानलं नाही. त्या ओझ्यालाही इतिहास आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच सुचवलं की प्रौढ पुरुषाने हाताने उचलायचं वजन ५५ किलोंवर नसावं. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. तरी बाजारात पोतं १०० किलोंचंच राहिलं. ते ५० किलोंचं व्हावं म्हणून पुण्याच्या हमाल पंचायतीला डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं झगडावं लागलं. मणक्यांमधली जागा राखण्यासाठी बॅग्बींनी जे केलं त्याच्या शेजारी मी हेही मांडून ठेवतो. हिंगण्याच्या वाटेवर डिगडोहच्या टेकडीवर १९९० साली लता मंगेशकर रुग्णालय उभं राहिलं. त्याआधी आमच्या गावच्या पाठीला नागपूरच्या मेडिकलपर्यंत हादरे खात जावं लागे.

मागच्या महिन्यात वानाडोंगरीचा एक तरुण दारात आला. पाठीवर घरोघरी सामान पोचवण्याची ती मोठी चौकोनी पिशवी. आजीने पाठवलं म्हणाला, "तुम्ही पायाळू आहा म्हणते ती." मी त्याला बसवलं आणि विचारलं, किती दिवस झाले? संध्याकाळी कणकण येते का? रात्री दुखून जाग येते का? वजन उतरलं का? चालताना पाय अडखळतात का? लघवीला काही त्रास? तो बिचारा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. "परवा गाडी स्टँडवर लावताना भरली, चाचा. साधी उसण आहे."

मी त्याला सांगितलं, पंधरा दिवसांत गेली नाही तर सरळ डॉक्टरकडे जायचं. तो हो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मग मी चप्पल काढली.